बिरादार मॅडमचा तांब्याचा ओटा

बिरादार मॅडमनी नव्या घरातला स्वयंपाकाचा ओटा तांब्याच्या पत्र्याचा करायचं ठरवलं, तेव्हा नांदेडच्या आमच्या आयटीआयमध्ये त्यावर मत नसलेला माणूस उरला नाही. फिटरचे निदेशक म्हणाले, पत्रा फुगेल. वेल्डिंगचे म्हणाले, काळा पडेल. प्राचार्यांना चोरांची काळजी होती. तांबं म्हटलं की भंगारवाल्यांना वास लागतो, असं त्यांचं म्हणणं. मी तिथं ड्रॉइंग आणि गणित शिकवायचो, त्यामुळे मला मत विचारायची पद्धत नव्हती, पण बाईंचं डोकं फिरलं असावं असं मलाही वाटून गेलं. मॅडमनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, जेवणाच्या डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "फुगला तर बसवू, काळा पडला तर बघू, अन् चोरीला गेला तर चोराची आवड चांगली म्हणू." आणि त्या वर्गावर निघून गेल्या.

मॅडम शिवणकाम शिकवायच्या. विमल बिरादार हे त्यांचं नाव, माहेर उदगीरकडचं. चिडल्या की तोंडून 'अय्यो' निघायचं आणि मग पुढचं काही निघायचं नाही. राग तेवढ्यावरच संपायचा. बोटांना मात्र विश्रांती नव्हती. कुणाशीही बोलताना त्याच्या कॉलरवरचा सुटा दोरा त्या उपटून घेत, समोरचा प्राचार्य का असेना. लग्नाला गेल्या तर नवरीच्या शालूचा काठ दोन बोटांत धरून पाहत आणि मान हलवत. ती मान पसंतीची की नापसंतीची हे त्या कधी सांगत नसत, आणि नवरीची आई उगीच दिवसभर घोरात पडे.

किनवट, भोकर, मुदखेड अशा ठिकठिकाणांहून पोरी त्यांच्याकडे शिकायला यायच्या. पहिल्या आठवड्यात मशीनला हात लावू द्यायच्या नाहीत. जुने कपडे आणून द्यायच्या आणि उसवायला लावायच्या. कापड न फाडता, दोरा न ओढता. पोरी कंटाळायच्या, आया तक्रार करायला यायच्या की आमची लेक शिवायला आली का फाडायला. मॅडमचं एकच उत्तर असे, "ज्येला उसवता येतंय त्येला चुकायचं भ्याव नसतंय." एकदा किनवटकडच्या एका मुलीनं अख्खा ब्लाउजपीस उलटा कापला आणि ती ढसाढसा रडायला लागली. कापलेलं कसं उसवणार? मॅडमनी त्या तुकड्यांतून तिच्याकडून तिच्या भाच्याला टोपडं शिवून घेतलं आणि परीक्षेत त्याचेच मार्क दिले. नियमात बसतं का, असं ऑफिसनं विचारलं. "डोक्यात बसतंय," मॅडम म्हणाल्या.

निवृत्तीला थोडाच काळ राहिला असताना त्यांनी मुदखेड रस्त्याला घर बांधायला काढलं. बांधायला काढलं म्हणजे खरोखरच स्वतः. मिस्त्री फक्त पाया, भिंती आणि स्लॅबपुरता. बाकी फरशी, रंग, नळ, वायरिंग सगळं नवराबायको मिळून. यजमान माधवराव एसटीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. "मला काय," ते हसून सांगत, "धर म्हणलं की धरायचं, सोड म्हणलं की सोडायचं." माझं घर त्याच रस्त्याला, त्यामुळे रविवारी सकाळी मी तिकडे डोकावायचो. कामाला माझा काडीचा उपयोग नव्हता, पण चहा फक्कड मिळायचा आणि बघायला गंमत वाटायची.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा हे माधवरावांचे थोरले भाऊ, भोकरजवळच्या गावी शेती करणारे, गळ्यात माळ घातलेले, शब्दाला वजन असलेले. वडील लवकर गेले तेव्हा माधवरावांना त्यांनीच वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. त्यामुळे घराण्यात कुणाचंही घर उठो, दारं कुठल्या दिशेला आणि ओटा कशाचा हे अण्णा ठरवत. त्यात त्यांना मोठेपणा मिरवायचा नसे; ते आपलं कामच आहे असं त्यांना मनापासून वाटे. तसाच त्यांनी एके दिवशी न विचारता ट्रॉलीतून ग्रॅनाइट पाठवून दिला. काळाभोर, चकचकीत, पोत्यांत गुंडाळलेला. तो कंपाउंडच्या भिंतीला टेकवून ठेवला गेला. माधवरावांना भावाला नाही म्हणणं जमत नव्हतं आणि बायकोला नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून ते त्या दिवशी बराच वेळ नळाचं काम करत राहिले.

पुढच्या रविवारी अण्णा स्वतः आले. मीही तिथंच होतो. मॅडम दिरासमोर डोक्यावर पदर घेत आणि उलट बोलत नसत. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्यांनी अण्णांना 'हाव' सोडून दुसरं उत्तर दिलेलं माधवरावांनी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी पदर नेहमीसारखाच होता, उत्तर मात्र वेगळं आलं.

"वास्तुशांतीला तुम्ही या, अण्णा," त्या खाली बघूनच म्हणाल्या. "त्या दिशी ओटा तुमच्या मनाला आला न्हाई तर दुसऱ्या दिशी मी सोता ग्रॅनाइट बसवून घेते. पर तवर त्येला नावं ठिवायची न्हाईत."

अण्णांनी भिंतीला टेकवलेल्या ग्रॅनाइटकडे पाहिलं. मग हाव म्हणाले आणि चहा न घेता गेले.

मला राहवलं नाही. एवढा हट्ट कशासाठी, असं मी विचारलं. कारण तोवर तांब्याची कारणं त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळी दिली होती. प्राचार्यांना सांगितलं होतं की तांब्यावर जंतू मरतात. शेजारणीला सांगितलं होतं की ग्रॅनाइट हिवाळ्यात हाताला गार लागतो. मला त्या म्हणाल्या, "सर, खरं सांगू का, मला आवडतंय. तेवढंच हाय." मग विळीवरचा कांदा तसाच ठेवून त्या पुढे बोलत राहिल्या. साड्या भावांनी आणल्या, शिवणकामाचा ट्रेड वडलांनी निवडला, लग्न मामानं जमवलं, क्वार्टर सरकारनं दिलं. यातलं काही वाईट नव्हतं, सगळं चांगलंच निघालं. पण माणसाच्या घरात एक तरी वस्तू अशी असावी की जी कुणी दिली म्हणून नाही, मिळाली म्हणून नाही, तर आवडली म्हणून आहे. एवढं बोलून त्यांनी कांदा संपवला. ग्रॅनाइट बसला असता तर जगाचं काही बिघडणार नव्हतं. पण मॅडमचं काय जाणार होतं हे मला त्या दिवशी कळलं.

तांब्याचा पत्रा हैदराबादहून आला. बिरादार मॅडमच्या लेखी पत्रा म्हणजे जाड कापड. त्यांनी आधी खाकी कागदावर ओट्याचा खाका काढला, जसा झंपरचा काढतात तसा. पुढच्या कडेला वळणासाठी जास्तीची पट्टी, कोपऱ्यांना चिमटा, बेसिनला गळ्यासारखा गोल. तो कागद ओट्याच्या प्लायवूडवर पुन्हा पुन्हा घालून पाहिला, टाचण्या लावल्या, काढल्या. ड्रॉइंगचा माणूस म्हणून मी एक-दोन सूचना केल्या. त्यांनी त्या ऐकल्या आणि मला चहा दिला.

पहिला कोपरा त्यांनी उरलेल्या तुकड्यावर वळवून पाहिला. कपडे धुवायची लाकडी मोगरी घेऊन हळूहळू ठोकत गेल्या आणि दुसऱ्या वळणाला तांबं कडेनं तडकलं. पुन्हा केलं, पुन्हा तडकलं. तीन रविवार त्या तुकड्यांवर गेले. शेवटी पत्राकामाच्या निदेशकांनी सांगितलं की तांबं ठोकून ठोकून ताठ होतं. ते लाल होईपर्यंत तापवायचं, मग मऊ पडतं, मग हवं तसं वळवा. मॅडमनी कपाळाला हात लावला. "अय्यो, म्हंजे इस्त्री," त्या म्हणाल्या. "मग आधी सांगायचं की वो. इस्त्री केल्याबिगर कापड कधी वळतंय का?" पुढचा कोपरा बरोबर बसला. त्याच्या सांध्याला कथलाचा डाख माधवरावांनी दिला, आणि तो इतका सुबक की मॅडमनी दोन बोटांत धरून पाहिला आणि मान हलवली. ही पसंतीची होती, कारण माधवराव लाजले.

खरी कसोटी चिकटवण्याची. चपला चिकटवायला वापरतात तसलं सोल्यूशन प्लायलाही लावायचं, पत्र्यालाही लावायचं, दोन्ही सुकू द्यायचं. त्यानंतर एकदा का ते एकमेकांना टेकलं की टेकलं. केसभरही सरकत नाही. आयुष्यभर उसवायला शिकवलेल्या बाईला न उसवणारी गोष्ट करायची होती. त्या सकाळी मॅडमनी पदर खोचला. त्यांनी प्लायवर ओळीनं पडद्याच्या दांड्या मांडल्या, त्या दांड्यांवर आम्ही तिघांनी मिळून पत्रा अलगद ठेवला, म्हणजे वरचं खालच्याला शिवत नाही. कागदाच्या खुणा जुळेपर्यंत तो सरकवला. मग मधली एक दांडी काढायची, तळव्यानं दाबायचं, पुढची काढायची. मी एक दांडी आधीच ओढू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही नुसतं उभं राहा." मी नुसता उभा राहिलो. शेवटची दांडी निघाली आणि पत्रा कडेला कड लागून बसला. मॅडम भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदरानं मान पुसत राहिल्या.

पण तेवढ्यावर थांबतील त्या बिरादार मॅडम कसल्या. नवं तांबं त्यांना भडक वाटे. त्यांना हवा होता तो तपकिरी, सगळीकडे सारखा, जुन्या सागवानासारखा रंग. खिडकीत तांब्याचे तुकडे मांडून त्यांचे प्रयोग सुरू झाले. एकावर ताक, एकावर मीठ, एकावर चहाचा चोथा, एकावर कांद्याचा रस. ताकाचा हिरवा झाला, मिठाचा ठिपक्याठिपक्यांचा. जमलं ते उकडलेल्या अंड्यानं. गरम अंडी कुस्करून तांब्याजवळ बंद करून ठेवली की त्यांच्या वाफेनं तांबं हळूहळू तपकिरी होतं. मग काय, पातेलंभर अंडी उकडली, ताटल्यांत कुस्करून ओट्यावर मांडली आणि वर प्लास्टिकचा तंबू ठोकला. घरात नाक धरून वावरावं लागे. माधवराव बाहेर बाजेवर झोपायला लागले.

आणि नेमके त्या आठवड्यात अण्णा दवाखान्याच्या कामानं नांदेडला आले. बरोबर आक्का होत्या. आक्का म्हणजे अण्णांच्या मंडळी, मॅडमच्या थोरल्या जाऊबाई. बुटक्या, सावळ्या, सतत काहीतरी निवडत किंवा पुसत असलेल्या. माळकरी अण्णा वासानंच फाटकाबाहेर थांबले आणि गटार तुंबलं असेल म्हणाले. माधवरावांनी घाईघाईनं मान डोलावली. आक्का आत गेल्या, त्यांनी तंबूखाली पाहिलं, ताटल्यांत काय आहे ते पाहिलं, आणि काही न बोलता बाहेर आल्या. अण्णांनाही त्यांनी काही सांगितलं नाही.

रंग मात्र जमला. अगदी मनासारखा. त्यावर मॅडमनी मधमाशीचं मेण चोळलं, किनवटच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं आणून दिलेलं. फडक्यानं घासून घासून त्यांचे खांदे भरून आले. ओटा खोल आणि शांत दिसू लागला. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी मला हात लावू दिला नाही, नुसतं वाकून बघायला सांगितलं. इतकं खूश त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

वास्तुशांतीला माझ्याकडे पाण्याचे जार आणि नारळ होते. सकाळी नारळाचं पोतं घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात पोचलो आणि तिथंच थांबलो. आक्का आणि गावाकडच्या दोघीतिघी पदर खोचून ओटा घासत होत्या. गरम पाणी, राख आणि चिंचेचा गोळा. अर्धा ओटा नव्या लोट्यासारखा गुलाबी चमकत होता, अर्धा तपकिरी होता आणि मध्ये राखेचे ओघळ. पहाटेपासून त्या राबत असाव्यात. आक्कांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. आमच्याकडे तांबं काळं दिसलं की बाईचा हात चिंचेकडे जातोच, त्यात शुभकार्याचं घर.

माझ्या मागून मॅडम आल्या. हातात देवाचं ताट होतं. त्यांनी पाहिलं. 'अय्यो'सुद्धा म्हणाल्या नाहीत. घासणाऱ्या बायका थांबल्या आणि काहीतरी चुकलं हे त्यांना कळलं, काय ते कळलं नाही. फक्त आक्कांना कळलं.

"विमल," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "अंडी लावल्याली व्हती गं त्येला. ह्यांना कळलं असतं तर नैवेद्याला शिवले नसते, पंगतीतून उठले असते. समद्या गावात झालं असतं. म्हून म्या घासाय घेतलं. तुला सांगितलं असतं तर तू घासू दिलं नसतंस."

खरं होतं. मॅडमनी घासू दिलं नसतं. त्यांनी ताट खाली ठेवलं, उपड्या बादलीवर बसल्या आणि तोंड पदरात धरलं. बाहेर गुरुजींचं सामान मांडून झालं होतं, अण्णा यायची वेळ झाली होती, आणि ओटा असा होता की आंधळ्यानंही ग्रॅनाइट बसवा म्हणावं. मला वाटलं, संपलं. मला फार वाईट वाटलं, आणि मी करू शकत होतो ते एवढंच की नारळाचं पोतं उगीच या हातातून त्या हातात घेणं.

मग मॅडम उठल्या. त्यांनी बांगड्या वर सारल्या, आक्कांच्या हातातून चिंचेचा गोळा घेतला.

"सरा जरा, आक्का," त्या म्हणाल्या. "उसवलं तर सगळंच उसवू. आर्धं ठिवायचं न्हाई."

आणि दोघी जावा शेजारी शेजारी उभ्या राहून घासायला लागल्या. गुरुजींनी बाहेरून दोनदा हाक मारली. माधवरावांनी त्यांना काहीबाही सांगून थोपवून धरलं, आणि त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. पूजेला बसायच्या आत सगळा ओटा लखलखीत झाला.

जेवणापूर्वी अण्णा आत आले. बायका बाजूला झाल्या. अण्णांनी ओट्यावरून हात फिरवला, वळवलेली कड चाचपली, कोपऱ्यातला डाख वाकून पाहिला. त्यांचा चेहरा उजळला. "झ्याक झालंय," ते म्हणाले. "देवघरावानी दिसून राहिलंय. माझी हार हाय बघ, विमल."

तिथं गप्प बसायचं होतं. मी त्यांच्या जागी असतो तर बसलो असतो, नमस्कार केला असता आणि पुरणपोळी वाढायला घेतली असती. मॅडमनी पदर पुढे ओढला आणि म्हणाल्या, "आज बघून हाव म्हणू नका, अण्णा. महिनाभरात ह्येचा रंग जातोय. काळपट व्हईल, डाग पडतील, अन् मी घासणार न्हाई. मला तसाच आवडतोय. तसा चालत आसंल तर हाव म्हणा."

आक्का भिंतीकडे बघत होत्या. अण्णांना हे काय चाललंय ते नीट उमगलं नसावं. हातात आलेली जीत कुणी परत करतं का? त्यांनी पुन्हा ओट्याकडे पाहिलं, मग भावजयीच्या वाकलेल्या डोक्याकडे, मग माधवरावांकडे. माधवरावांनी या वेळी नळाकडे पाहिलं नाही.

"तुला आवडतोय म्हणतीस," अण्णा शेवटी म्हणाले, "तर ऱ्हाऊ दे." आणि जरा थांबून, "वाढा आता. भुका लागल्यात."

मॅडमनी नंतर पुन्हा अंडी उकडली नाहीत. माणसाला खोटं बोलायला लावणारा रंग नको, असं त्या म्हणाल्या. ओटा वापरून वापरून जसा होईल तसा होऊ दिला. शेगडीजवळ तो जांभळट झाला, बेसिनपाशी गडद. कुणीतरी लिंबू चिरून ठेवलं तिथं एक गुलाबी कोयरी उमटली आणि ती बुजायला पुष्कळ दिवस लागले. सारखा रंग काही आला नाही. आदल्या दिवशी पाहिलेला तो ओटा पुन्हा कधीच दिसला नाही, आणि याचं मला त्यांच्यापेक्षा जास्त दुःख होतं असं वाटतं. ग्रॅनाइटचं अंगणात बाकडं झालं. त्यावर बसून अण्णा चहा घेत आणि दगड किती चांगला आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

पुढे माझी बदली लातूरला झाली. निघण्याआधी निरोप घ्यायला मी मुदखेड रस्त्याला गेलो. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात आक्का होत्या, भोकरहून एकट्याच एसटीनं आलेल्या. एकट्यानं प्रवास त्यांनी बहुधा पहिल्यांदाच केला असावा, कारण तिकीट अजून मुठीत होतं. गावाकडचं स्वयंपाकघर नव्यानं बांधायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्री येणार होता. मॅडमनी मला खुणेनंच बसायला सांगितलं. त्यांचं लक्ष जावेकडे होतं.

"तांब्याचा करायचा का?" त्यांनी विचारलं.

आक्कांनी मान हलवली. तांबंबिंबं नको, दगडच बरा, घासायला सोपा. मग त्या अडखळल्या, आणि तिकिटाची घडी घालत म्हणाल्या की आत्ताचा ओटा ह्यांच्या उंचीनं बांधलाय. इतकी वर्षं त्या पाटावर उभ्या राहून स्वयंपाक करतात. पाट सरकतो. दोनदा पडल्याही.

मॅडम उठल्या. पायताण काढायला लावून त्यांनी आक्कांना रिकाम्या भिंतीशी उभं केलं. "सांगा," त्या म्हणाल्या, "कुठवर पायजे?"

"मला काय ठाव बाई. मिस्त्रीला ठाव असतंय."

"मिस्त्री भाकरी थापणार हाय का?"

आक्का हसल्या. मग हसू थांबलं, आणि त्यांनी डोळे मिटून दोन्ही हात पुढे धरले, समोर परात असल्यासारखे. भाकरी थापायला लागल्या. हात थोडे खाली घेतले, थापून पाहिलं. पुन्हा वर घेतले. मी उठलो, येतो म्हणालो, पण दोघींनीही ऐकलं नाही. मॅडम पेन्सिल घेऊन भिंतीपाशी गुडघ्यावर बसल्या होत्या आणि खूण करायची घाई करत नव्हत्या.

"आजून बघा," त्या म्हणत होत्या. "नीट बघा, आक्का. तुमच्या मनाला येऊ द्या."